अकॅलेशियासाठी गोव्याबाहेर जायचं तर मुंबई की हैदराबाद?

घास छातीत अडकतो आणि निदान अकॅलेशियाकडे (अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायू सैलच पडत नाही, ते दुखणं) झुकतंय, इथवर आलेल्यांची एंडोस्कोपी आणि बेरियमचा एक्स-रे झालेलाच असतो. ते बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात किंवा जवळपास उरकावं, त्यासाठी बाहेर पळायचं कारण नाही. प्रश्न पुढचा आहे: मॅनोमेट्री (अन्ननलिकेतला दाब मोजणारी तपासणी) आणि त्यानंतर तो स्नायू कापायची पोएम (तोंडातून एंडोस्कोपने) किंवा हेलर मायोटॉमी (पोटावरून शस्त्रक्रियेने) कुठे करायची? मी दोन्ही शहरांचं पाणी चाखलंय, तेही पाच-पाच मिलीच्या घोटांनी.

मुंबईच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. भाषा आपली, डोंबिवलीला मावशी, त्यामुळे मऊ भात न मागता ताटात. दुर्बिणीतून हेलर करणारे मुरलेले सर्जनही तिथे आहेत. प्रवासाला मात्र कोकणकन्येची रात्र नको. आडवं झालं की संध्याकाळची पेज घशाशी येते. मी थिवीपासून दादरपर्यंत पाठीला बॅग लावून बसून होतो. २०२३ पासून मडगावहून दिवसाची वंदे भारत आहे, ती या दुखण्याला बरी.

हैदराबादला आपलं कोणी नाही. लॉज, हॉटेलातलं जेवण, दखनी हिंदी, सगळं पदरचं. विमानाचं तिकीट धरलं तर खर्चही जास्तच.

तरीही माझा काटा तिकडे झुकला, तो एका नळीपायी. मुंबईत मॅनोमेट्री एका ठिकाणी झाली आणि सर्जन दुसऱ्या टोकाला. या तपासणीत भूल देत नाहीत. नाकातून नळी पोटापर्यंत सरकवतात, मग नर्स सिरिंजने तोंडात थोडं पाणी सोडते आणि ‘आता गिळा’ म्हणते. एरवी गिळायचं नाही, आणि नेमकं तेव्हाच गिळावंसं वाटतं. डोळ्यांतून पाणी काढत हे पार पाडलं आणि हाती आला एकपानी रिपोर्ट: दोन-चार आकडे, खाली सही. सर्जनना हवा होता रंगीत आलेख. प्रत्येक घोटाला स्नायू कसा दाबतो ते त्यात दिसतं, आणि अकॅलेशिया तीनपैकी कुठल्या प्रकारचा हेही त्यावरूनच ठरतं. तिसऱ्या प्रकारात अन्ननलिका आकडी आल्यासारखी आवळते. तिथे फुग्याने ताणून फारसं भागत नाही, स्नायू वरपर्यंत कापावा लागतो, आणि ते पोएमला जमतं. म्हणजे त्यांचं मागणं रास्तच होतं. पण तपासणी केंद्राकडे मूळ फाइल मिळेना. ‘परत करून घ्या’ असं अगदी गोड आवाजात सांगितलं गेलं.

परत करायचीच होती, तर जिथे नळी घालणारे आणि कापणारे एकाच इमारतीत बसतात तिथे करावी म्हणून हैदराबादच्या गचीबौलीतलं एआयजी रुग्णालय गाठलं. पोएम करणाऱ्या डॉक्टरांनी आलेख स्वतः पडद्यावर पाहिला, प्रकार दुसरा निघाला, पुढचं बोलणं तिथेच झालं. नळी तितकीच छळते, पण किमान फुकट तरी जात नाही.

मुंबईतही सगळं एका छताखाली करणारी मोठी रुग्णालयं आहेत. तशी वेळ मिळत असेल आणि मावशी असेल तर खुशाल मुंबईला जा, मी अडवणार नाही. छातीत जळजळ आधीच असेल तर हेलरचाही विचार व्हावा. त्यात जठराचा भाग वर गुंडाळून आम्ल अडवतात, पोएममध्ये ते नसतं. २०१९ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात दोन्हींचं यश दोन वर्षांनी सारखंच होतं, पण अन्ननलिकेला आम्लाची सूज पोएमनंतर ४४ टक्क्यांना आणि हेलरनंतर २९ टक्क्यांना दिसली. माझी आम्लासाठीची सकाळची गोळी अजून चालू आहे.

नंतरच्या फेऱ्या दोन्हीकडे टाळता येतात. वेळ लावून बेरियम (प्यायलेलं किती मिनिटांत खाली उतरतं ते पाहणारा एक्स-रे) गोव्यात होतं, फक्त उभं राहून पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या मिनिटाला फिल्म काढा असं चिठ्ठीवर लिहून न्या.

आणि तिकीट काढण्याआधी, शहर कुठलंही असो, फोनवर विचारा की मॅनोमेट्रीचा मूळ आलेख पेन ड्राइव्हवर देता का. पलीकडचा माणूस ‘रिपोर्ट देतो ना’ एवढंच म्हणाला, तर दुसरा नंबर फिरवा.