जालन्याहून संभाजीनगरला लेकराला दाखवायला नेलं त्या क्लिनिकबद्दल, पाचपैकी साडेतीन स्टार

नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण वेटिंगवरून बोलणार आहे. पोरगं साडेसात वर्षांचं, दुसरीत. एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि अती चुळबूळ, हे आत्ता कळलं, त्याआधी दीड वर्ष घरात चूक कुणाची एवढंच चाललं होतं, म्हणजे माझीच, कारण शाळेचा फोन मलाच येतो. नवरा म्हणायचा तूच लाडावून ठेवलंस, सासूबाई म्हणायच्या दृष्ट लागली, मीठमिरच्या ओवाळून झाल्या, नारळ उतरवून झाला.

अकराची अपॉइंटमेंट, नंबर लागला पावणेदोनला! अहो असल्याच लेकरांचं सेंटर आहे ना हे? आमच्या पठ्ठ्यानं तेवढ्यात वॉटर कूलरचा नळ चालू-बंद करून फरशी ओली केली, काउंटरवरची बेल वाजवून वाजवून तिथल्या बाईंचं डोकं उठवलं आणि त्या मलाच म्हणतात, "जरा सांभाळा ना." दीड स्टार तिथंच गेला.

डॉक्टर मॅडम मात्र एक नंबर. पाऊण तास बसवून घेतलं. याआधी एका ठिकाणी ब्रेन मॅपिंगचं पॅकेज गळ्यात मारत होते, मॅडम म्हणल्या हे मशीनवर ठरत नसतं, रक्त तपासून पण कळत नाही, घरी आणि शाळेत दोन्हीकडं सहा महिन्यांच्या वर त्रास दिसतोय का ते बघतात. एक फॉर्म आम्हाला, एक वर्गाच्या बाईंना. मग नवऱ्याला विचारलं तुमचं लहानपण कसं होतं. ते म्हणले नॉर्मल. तर सासूबाईच मधी बोलल्या, "कशाचं नॉर्मल, शाळेतून पळायचा, शोधायला गडी पाठवावा लागायचा, एकदा कडब्याच्या गंजीवर झोपलेला घावला." मॅडम म्हणल्या हे बऱ्याचदा घराण्यात चालत येतं, आईच्या लाडानं होत नाही. परत येताना नवरा बदनापूरपर्यंत एक शब्द बोलला नाही.

गोळीवरून महिनाभर भांडलो. मॅडमनी जबरदस्ती केली नाही, आधी आम्हालाच शिकवलं, दोघांनाही, बाप आला नाही तर सेशन नाही. एका टायमाला एकच काम सांगायचं, लांबून ओरडायचं नाही, जवळ जाऊन सांगायचं, केलं की लगेच शाबासकी. ऐकायला सोपं वाटतं, करून बघा. थोडा फरक पडला पण शाळेत तेच. शेवटी मेथिलफेनिडेट नावाची गोळी चालू केली, कमी डोसवर. आता बाई म्हणतात वही पूर्ण होते. पण दुपारचा डबा तसाच परत येतो, भूक मरते, आणि रात्री साडेआठला दोन भाकरी खातो म्हणून मी आता स्वयंपाकच उशिरा करते. वजन आणि बीपी दर वेळी बघतात, ते चांगलंय.

गोळी कुठल्याही मेडिकलवर मिळत नाही हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. शेड्यूल एक्समधली आहे, म्हणजे कडक नियम असलेल्या औषधांच्या सरकारी यादीतली, वेगळं लायसन लागतं, चिठ्ठी दोन प्रतींत, एक दुकानदार ठेवून घेतो. आमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्यानं तर चिठ्ठी बघून माझ्याकडं असं बघितलं की विचारू नका. तेव्हा संभाजीनगरहूनच घेऊन निघत जा. आणि सकाळचा पहिलाच नंबर मागा, सोबत खायला न्या, बेलपासून लांबच्या खुर्चीवर बसा.