बाप्तिस्मा घेण्याआधी: कोणत्या मंडळीत काय सोडावं लागतं?

येशूवर श्रद्धा बसली आहे, पण बाप्तिस्म्यापाशी पाऊल अडतंय, अशा पुणेकरांसाठी हे लिहिते आहे. आधी खर्चाचा हिशेब करा, असं खुद्द येशूनंच सांगितलंय (बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान, अध्याय १४). मात्र श्रद्धा जे मागते ते आणि मंडळी (म्हणजे तुमचा चर्चसमूह) किंवा कायदा जे मागतो ते, हे दोन हिशेब वेगळे मांडा.

मूर्तिपूजा सगळीकडेच सुटते. जातीचा अभिमानही सुटायला हवा, पण त्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही. ख्रिस्ती घरांतही लग्न जुळवताना जात निघते, याचं मला मनापासून दुःख आहे.

पेंटेकोस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणाऱ्या मंडळ्यांचे नियम सर्वांत कडक. आरती नाही, प्रसाद नाही, दारू-तंबाखू नाही, काही ठिकाणी दागिने आणि टिकलीही नाही. उत्पन्नाचा दशांश अपेक्षित असतो. कॅथलिकांकडे पूजेत भाग घेता येत नाही, पण दागिन्यांवर बंदी नाही. मंगळसूत्रात क्रूस ओवलेल्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे गुरुवार पेठेतलं पंचहौदचं पवित्र नाम देवालय ज्यांचं, ते राहणीच्या बाबतीत साधारण कॅथलिकांच्या जवळ.

खरी कळ येते ती आईवडिलांच्या श्राद्धाशी. थोरल्या मुलानं पिंडदान सोडायचं म्हणजे घरच्यांच्या नजरेत मायबापालाच सोडणं. इथे फरक फार मोठा आहे. कॅथलिक मृतांसाठी प्रार्थना करतात, २ नोव्हेंबरला सर्व मृतांचा दिन पाळतात, वडिलांच्या नावानं मिस्साही (चर्चमधला मुख्य उपासनाविधी) सांगता येते. पेंटेकोस्टल मंडळीत मृतासाठी प्रार्थनाच नाही. आठवण काढा, आभार माना, एवढंच. ज्याला ही गोष्ट रात्री झोपू देत नाही, त्यानं आधी क्वार्टर गेटजवळच्या कॅथलिक सिटी चर्चमधल्या धर्मगुरूंशी बोलावं, असं मी म्हणेन. मात्र घटस्फोटानंतर दुसरं लग्न झालं असेल, तर कॅथलिकांकडेच अडचण सर्वांत मोठी. पहिला जोडीदार हयात असेल, तर पहिल्या लग्नाचा निकाल चर्चच्या न्यायमंडळाकडून लागेपर्यंत सहसा थांबावं लागतं.

नाव बदलायला किंवा घर तोडायला कुणी सांगितलं, तर बायबलमध्ये कुठे आहे ते दाखवा म्हणावं. ‘आईबापाचा द्वेष’ हे शब्द लूक १४ मध्ये आहेत, पण ते पहिला मान कुणाला याबद्दल आहेत. देवाच्या नावाखाली आईबापाची जबाबदारी टाळणाऱ्यांना येशूनं झापलंय, तेही वाचा (मार्क ७). कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि कीर्तन सोडलं नाही. संसार मात्र काही वर्षं दुभंगला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला.

कायद्याचा हिशेब मंडळीनुसार बदलत नाही. अनुसूचित जातीचा दर्जा जातो. अनुसूचित जमातीचा धर्मांतरामुळे जात नाही. हिंदू विवाह कायद्यानुसार लग्न झालं असेल, तर धर्मांतर हे जोडीदाराला घटस्फोट मागायला कारण ठरू शकतं. वडिलांच्या मिळकतीतला तुमचा स्वतःचा हक्क धर्मांतरानं बुडत नाही, पण त्यानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांचा वारसा मिळत नाही, वारसा खुला होताना ती मुलं हिंदू असतील तरच मिळतो. वाडवडिलांची जमीन असेल तर पाळकांच्या (मंडळीच्या धर्मगुरूंच्या) भेटीआधी वकिलाची भेट घ्या, आणि जोडीदाराला सोबत न्या.