मॉडेल आपल्या मशीनवर चालवायचं की क्लाउडवर?

जानेवारी २०२५ मध्ये डीपसीक या चिनी कंपनीचं आर१ हे एआय मॉडेल आलं आणि आठवडाभरात 'आता हे तुमच्या लॅपटॉपवर चालवा' अशा मथळ्यांचा पूर आला. मीही त्याच रात्री डाउनलोड लावलं. मूळ आर१ आहे ६७१ अब्ज पॅरामीटरचं (पॅरामीटर म्हणजे मॉडेल ज्यांच्यावर चालतं ते शिकलेले आकडे). लॅपटॉपवर आम्ही जे चालवत होतो ती होती क्वेन आणि लामा ही दुसऱ्याच घरची छोटी मॉडेलं, आर१ने लिहिलेल्या उत्तरांवर पुन्हा शिकवलेली. फाइलच्या नावात आर१ होतं, म्हणून बातमीतही तेच आलं. ती छोटी मॉडेलं वाईट नव्हती, पण त्यांच्यावरून मूळ आर१बद्दल मत बनवणारे बरेच जण तेव्हा भेटले, आणि त्यातल्या काहींनी त्याच मतावर नवीन मशीनही घेतलं.

म्हणून हे लिहितोय. नव्या मशीनवर पैसे खर्च करायचे की नाही, क्लाउडची, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर चालणाऱ्या मॉडेलची, महिन्याची वर्गणी चालू ठेवायची की नाही, या विचारात असलेल्यांसाठी.

हुशारीचा मुद्दा आधीच निकालात काढू. अवघड कोड, लांबलचक तर्क, विस्तृत माहितीचे प्रश्न यांत क्लाउडवरची मोठी मॉडेलं पुढे आहेत आणि घरच्या मशीनवर मावणारं मॉडेल त्यांची बरोबरी करत नाही. छोट्या मॉडेलला भाषा छान येते, पण त्याच्या पोटात माहिती कमी मावते. त्याला कमी प्रसिद्ध विषयावरची तारीख विचारली की ते ठणकावून चुकीची सांगतं. तेव्हा 'कोणतं जास्त हुशार' या प्रश्नावर अडकून राहू नका. तुम्ही त्यात रोज काय पेस्ट करणार आहात, यावर माझा सगळा निर्णय ठरतो.

मे २०२३ मध्ये सॅमसंगने आपल्या कर्मचाऱ्यांना एआयची अशी साधनं वापरायला बंदी केली, कारण काहींनी कंपनीचा सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकला होता. त्याच वर्षी मार्चमध्ये एका बगमुळे काही लोकांना चॅटजीपीटीत दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षकं दिसली होती. पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती २०२५ची गोष्ट. न्यूयॉर्क टाइम्सच्या खटल्यात कोर्टाने ओपनएआयला चॅट जपून ठेवण्याचा आदेश दिला, आणि त्यात लोकांनी डिलीट केलेले चॅटही आले. कंपनीने या आदेशाला विरोध केला होता. म्हणजे सेवा देणाऱ्याची नियत साफ असली, तरी आपण डिलीटचं बटण दाबल्यावर मजकूर खरोखर गेला की नाही हे आपल्या हातात राहत नाही. दुसऱ्या कोणाच्या आजाराचे कागद, अशिलाची माहिती, कोणी विश्वासाने दिलेली मुलाखत तुमच्याकडे असेल, तर तुमच्या मशीनबाहेर न जाणारं मॉडेल, मग ते कमी हुशार का असेना, हाच पर्याय. इथे मी तडजोड करत नाही.

आता घरच्या बाजूचं गणित. यात लोक सगळ्यात जास्त फसतात.

मॉडेल म्हणजे आकड्यांची मोठी फाइल. ८ अब्ज पॅरामीटर, प्रत्येकी १६ बिट, म्हणजे १६ जीबी. तेच ४ बिटांच्या आसपास आणलं (याला क्वांटायझेशन म्हणतात) की फाइल साधारण ५ जीबीची होते आणि उत्तरांचा दर्जा थोडाच घसरतो. मार्च २०२३ मध्ये गिओर्गी गेर्गानोव्ह यांनी लामा.सीपीपी हा मॉडेल चालवणारा प्रोग्रॅम लिहिला, तो याच जोरावर साध्या संगणकांवर चालू लागला. ओलामा आणि एलएम स्टुडिओ ही आजची सोपी साधनंही त्याच कामाचा आधार घेतात.

फाइल मावली म्हणजे काम झालं असं नाही. प्रत्येक टोकन (मजकुराचा छोटा तुकडा) लिहिताना मॉडेलचे जवळजवळ सगळे आकडे मेमरीतून एकदा वाचावे लागतात. म्हणून वेग ठरतो तो मेमरीच्या बँडविड्थवर, म्हणजे ती सेकंदाला किती वाचून देते त्यावर. दोन चॅनेलची डीडीआर५-५६०० रॅम सेकंदाला सुमारे ९० जीबी वाचते. ५ जीबीचं मॉडेल असेल तर ९० भागिले ५, म्हणजे सेकंदाला फार तर १८ टोकनं. वाचायला पुरे. ७० अब्जांचं मॉडेल ४ बिटांत साधारण ४० जीबी होतं. त्याच रॅमवर ते सेकंदाला दोन टोकनं देईल आणि तुम्ही चहा करून परत याल. आरटीएक्स ४०९० या ग्राफिक्स कार्डाची बँडविड्थ सेकंदाला हजार जीबीच्या वर, पण मेमरी २४ जीबीच, त्यामुळे ते ४० जीबीचं मॉडेल त्यात मावतच नाही. ॲपलच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकच मेमरी वापरतात. जास्त मेमरीचं असं मशीन मोठं मॉडेल पोटात घेतं, वेग मात्र चांगल्या ग्राफिक्स कार्डापेक्षा कमी.

या भागाकाराला वळसा घालणारी मॉडेलांची एक जात आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ओपनएआयने खुलं केलेलं जीपीटी-ओएसएस २०बी घ्या. त्यात २१ अब्ज पॅरामीटर आहेत, पण एका टोकनामागे त्यातले ३.६ अब्जच कामाला लागतात. १६ जीबी मेमरीत ते बसतं आणि आकाराच्या मानाने बरंच चपळ चालतं. घरच्या वापरासाठी मला सध्या हीच दिशा आशेची वाटते.

आणि लॅपटॉपवरचं एआयचं स्टिकर? मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने कोपायलट प्लस पीसी या एआयच्या संगणकांसाठी ४० टॉप्सच्या एनपीयूची (एआयचं गणित करणाऱ्या चिपची) अट घातली, तेव्हापासून तो आकडा जाहिरातीत ठळक दिसतो. टॉप्स म्हणजे गणिताचा वेग. लांब मजकूर वाचून घेताना तो उपयोगी पडतो, उत्तर लिहिताना मात्र गाडी मेमरीपाशीच अडते. त्याच अटींत किमान १६ जीबी रॅमही होती. ग्राहकाच्या दृष्टीने ती जास्त मोलाची, पण तिची जाहिरात फारशी कोणी केली नाही.

मराठीत काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मॉडेल मजकुराचे तुकडे करून वाचतं आणि देवनागरीचे तुकडे रोमनपेक्षा जास्त पडतात. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आलं तेव्हा ओपनएआयने दिलेल्या उदाहरणात एकाच मराठी वाक्याला आधी ९६ टोकनं लागायची, ती नव्या पद्धतीत ३३वर आली. मोठ्या मॉडेलांनी हे अंतर कमी केलंय. छोट्या मॉडेलांत ते अजून बोचतं, वेगात आणि मेमरीतही. लामा ३.१च्या ८ अब्जांच्या मॉडेलला संभाषण लक्षात ठेवायला टोकनामागे १२८ केबी लागतात. ३२ हजार टोकनं म्हणजे मॉडेलच्या फाइलशिवाय आणखी ४ जीबी.

मला याचा फटका बसला. साठ पानांचा मराठी अहवाल मी घरच्या मॉडेलला दिला आणि सारांश मागितला. सारांश नीटनेटका आला, पण त्यात पहिल्या चाळीस पानांतलं काहीच नव्हतं. मॉडेलने एका वेळी किती मजकूर लक्षात ठेवायचा, ही साधनातली संदर्भाची मूळ सेटिंग काही हजार टोकनांची होती. पुढचा मजकूर आत येताना मागचा मुकाट्याने गळून गेला आणि पडद्यावर त्याची एक ओळही आली नाही. सेटिंग वाढवली तर रॅम भरली. शेवटी अहवालाचे सहा भाग केले. शिवाय सारांशाच्या मराठीत मधूनच 'उन्होंने' आणि 'किया गया' डोकावत होते. तोच अहवाल, गोपनीय नसल्यामुळे, क्लाउडवर टाकला तेव्हा एका फटक्यात स्वच्छ मराठीत सारांश आला. मराठी लिहून हवं असेल तर आज तरी क्लाउड, असं मी प्रामाणिकपणे सांगेन.

उलट दिशेचा अनुभवही तितकाच पक्का आहे. बोललेलं लिहून काढण्यासाठी ओपनएआयचं व्हिस्पर सप्टेंबर २०२२ पासून खुलं आहे. त्याचं मोठं मॉडेल दीड अब्ज पॅरामीटरच्या आसपास, म्हणजे भाषेच्या मॉडेलांपुढे चिमुकलं. मुलाखतींचं इंग्रजी ध्वनिमुद्रण मी रात्री मशीनला लावतो आणि सकाळी मजकूर तयार असतो. एकही आवाज घराबाहेर जात नाही. ध्वनिमुद्रणात कोणी बोलत नसतं तिथे व्हिस्पर न बोललेली वाक्यं घालू शकतं, त्यामुळे एकदा ऐकून तपासावं लागतं. तरी हे एकच काम माझ्यासाठी घरच्या बाजूचं पारडं जड करतं.

टिकाऊपणाबद्दल थोडं. ७ ऑगस्ट २०२५ला जीपीटी-५ आलं आणि चॅटजीपीटीतून ४ओ गायब झालं. लोकांनी एवढा आरडाओरडा केला की पैसे भरणाऱ्यांसाठी ते परत आणावं लागलं. ज्यांनी आपली कामाची पद्धत एका मॉडेलभोवती बसवली होती, त्यांची पंचाईत खरी होती. डिस्कवर उतरवलेली फाइल मात्र दहा वर्षांनीही आजच्यासारखीच उत्तरं देईल. संशोधनात तोच प्रयोग पुन्हा करून दाखवायचा असेल, तर हा मुद्दा निर्णायक आहे. परवाना तेवढा वाचा: आर१ एमआयटी परवान्याखाली आहे, जीपीटी-ओएसएस अपाची २.०खाली, लामाचा परवाना मात्र मेटाचा स्वतःचा आणि त्यात अटी आहेत.

खर्चाचं बोलायचं तर नुसती वर्गणी वाचवायला महागडं कार्ड घेऊ नका. आरटीएक्स ४०९० पूर्ण जोरात ४५० वॅट खातं, आणि दोन वर्षांत त्याहून चांगलं काही येतंच. गुप्तता, ध्वनिमुद्रण, नेट नसलेली जागा, हजारो फाइलींवर एकच साधं काम, अशी कारणं असतील तर घ्या.

त्याआधी आहे त्या मशीनवर ८ अब्जांचं एखादं मॉडेल उतरवा, संदर्भाची सेटिंग तपासा आणि आठवडाभर रोजचं काम आधी त्यालाच द्या. कोणत्या कामासाठी क्लाउडकडे जावं लागलं ते कागदावर लिहीत जा. माझ्या यादीत मराठी लेखन आणि अवघड कोड निघाले, बाकी सगळं घरीच भागलं. तुमची यादी वेगळी निघेल. आणि नवीन लॅपटॉप घ्यायचाच झाला, तर बऱ्याच पातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही. १६ आणि ३२ यांत अडकलात तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या, पण रॅम ३२ घ्या.