मळ्यावर सिमचा राउटर: आठ महिने वापरून

गिरणारे रस्त्यावरून दीड किलोमीटर आत आमचा मळा आहे. फायबरची लाइन डांबरीपर्यंत आली आणि तिथंच थांबली. म्हणून मागच्या ऑक्टोबर छाटणीच्या धामधुमीत एम. जी. रोडवरच्या दुकानातून सिम टाकायचा फोरजी राउटर आणला, ३,४०० रुपयांना. शेततळ्यावरची मोटर आणि शेडवरचे दोन कॅमेरे नाशिकला बसून दिसावेत, एवढीच अपेक्षा होती.

पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. राउटर टीव्हीशेजारी ठेवला होता. दांड्या चारपैकी तीन, कॉल स्वच्छ, आणि नेट मात्र चालेचना. दुकानदार म्हणाला, "काका, रेंज फुल आहे, टॉवरचा प्रॉब्लेम असेल." सिमच्या कंपनीला फोन केला तर ते म्हणाले, राउटर बघा.

दिवाळीला पुतण्या आला. तो टॉवरच्या देखभालीचं काम करतो. "काका, दांड्या सोडा, आकडा बघा," म्हणत त्यानं राउटरचं सेटिंग उघडलं. सिग्नल होता उणे ११२ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं माप). हा आकडा शून्याकडे जितका सरकेल तितका चांगला. उणे ११० च्या पलीकडे गेला की नेट रडतंच. मग कॉल कसा स्वच्छ? तर फोरजीत आवाजाला फार थोडा डेटा लागतो आणि नेटवर्क त्याला वेगळी, राखीव वाट देतं. कॅमेऱ्याचं चित्र मात्र सगळ्यांबरोबर गर्दीतून जातं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर कस्टमर केअरशी घातलेले वाद वाचले असते.

मग पाण्याच्या टाकीवर चढून बाहेरचा अँटेना लावला. १,९०० रुपये, दोन केबलींचा. केबल पाच मीटरच ठेवली, कारण बारीक केबल लांबली की सिग्नल वाटेतच जिरतो. सुरूच्या झाडांमधल्या फटीतून टॉवर दिसेल असा रोख धरून मी अँटेना बोटबोटभर फिरवत होतो आणि पुतण्या खालून आकडा ओरडत होता. उणे ९४ वर थांबलो. अठरा डेसिबल म्हणजे साधारण साठपट ताकद! राउटर स्वतःहून ८५० मेगाहर्ट्झची पट्टी धरायचा. ही लहर लांब येते, भिंतीतूनही शिरते, पण तिथं डेटाला जागा थोडी. बाहेरचा अँटेना असल्यामुळे आता २३०० ची पट्टी निवडून ठेवता आली. दुपारचा स्पीड ४ वरून २८ एमबीपीएसवर गेला. घेताना राउटरला बाहेरच्या अँटेनाची दोन सॉकेटं आहेत का आणि पट्टी हातानं निवडता येते का, एवढं नक्की पाहा. हे नसेल तर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

कॅमेऱ्याचं दुखणं वेगळंच निघालं. सीसीटीव्हीवाल्यानं पूर्वीच्या सवयीनं राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून थेट आत यायची वाट, उघडून दिलं, पण बाहेरून काही दिसेना. पुतण्यानं वाट समजावून सांगितली. राउटर ते टॉवर एवढाच प्रवास हवेतून. पुढं काचेच्या तारेनं किंवा टॉवरवरच्या डिशमधून डेटा कंपनीच्या मुख्य यंत्रणेत जातो. सिमची ओळख तिथं पटते, नेटवरचा पत्ताही तिथंच मिळतो, मग इंटरनेटचं दार उघडतं. शेजारच्या खोलीतल्या मोबाइलला डेटावरून फोटो पाठवला तरी तो आधी तिथवर जाऊन येतो. आणि तो पत्ता आपल्या एकट्याचा नसतो. आमच्या राउटरला १०० पासून सुरू होणारा, कंपनीच्या आतला पत्ता होता; बाहेरच्या जगाला असंख्य गिऱ्हाइकं मिळून एकच पत्ता दिसतो. मग बाहेरून कुणी आपल्या मळ्याचं दार कसं ठोठावणार? डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्यात, क्लाउडची सोय चालू केली. आता डीव्हीआर स्वतः बाहेर जाऊन डीव्हीआरच्या कंपनीच्या सर्व्हरशी जोडून राहतो, आणि माझा मोबाइलही त्याच सर्व्हरमार्फत त्याला गाठतो. क्यूआर कोड स्कॅन केला आणि पाच मिनिटांत चित्र आलं.

उणीवही सांगतो. संध्याकाळी आठ ते दहा स्पीड सहावर येतो, कारण टॉवरची क्षमता वाटून घेणारे सगळे तेव्हाच घरी असतात. फेब्रुवारीत काढणीला मजुरांच्या टोळ्या आल्या तेव्हा तर दिवसाही तसंच. अपलोड तीनच्या वर जात नाही, आणि कॅमेऱ्याला तर अपलोडच लागतं. म्हणून चित्राचा दर्जा उतरवून एक एमबीपीएसवर ठेवली. तेवढ्यावरही तासभर पाहिलं की साडेचारशे एमबी जातात. प्लॅनमधल्या दिवसाच्या दोन जीबीत हे धरून चला.

लाइट गेली की राउटर बंद पडायचा. तो बारा व्होल्टवर चालतो, म्हणून १,२०० रुपयांचा छोटा यूपीएस जोडला, चार तास निघतात.

घ्यावा का? फायबर दारात असेल तर मुळीच नको. मळ्यात राहत असाल तर घ्या, पण आधी दोन-तीन कंपन्यांची सिमं मागून आणा, गच्चीवर जाऊन भर संध्याकाळी स्पीड मोजा आणि मगच सिम ठरवा. जानेवारीत मी पंचवटीत लेकीकडे होतो. रात्री साडेदहाला कॅमेऱ्यात ठिबकची मेन लाइन फुटून पाणी उडताना दिसलं. गड्याला फोन केला, "अरे, आधी मोटर बंद कर." पाच मिनिटांत त्याची बॅटरी शेततळ्याकडे जाताना मला मोबाइलवर दिसली.