न्यूरॉन उद्दीपित करायला काय घ्यावं: फायबर, सर्पिल की होलोग्राम?

ऑप्टोजेनेटिक्स, म्हणजे प्रकाशाला प्रतिसाद देणारं प्रथिन (ऑप्सिन) न्यूरॉनमध्ये घालून त्यांना प्रकाशाने चेतवणं, सुरू करायचं ठरलं की पहिली चर्चा उपकरणावर होते. माझ्या मते ती आधी प्रश्नावर व्हायला हवी. ‘या प्रकारच्या पेशी काय करतात?’ एवढंच विचारायचं असेल तर ऑप्टिकल फायबर पुरतो. ‘नेमक्या याच पंधरा पेशी या क्रमाने चेतवल्या तर काय होतं?’ असं विचारायचं असेल, तर होलोग्राफीकडेच यावं लागतं.

फायबरमधून निळा प्रकाश सोडला की आवाक्यातली चॅनेलऱ्होडॉप्सिन (प्रकाशाने उघडणारं चॅनेल असलेलं ऑप्सिन) असलेली प्रत्येक पेशी एकदमच उडते, म्हणजे विद्युत-स्पंद (स्पाइक) सोडते. तंत्र स्वस्त आहे, मोकळ्या फिरणाऱ्या उंदरावर चालतं, मेंदूत खोलवर पोहोचतं. पण एवढ्या पेशी एका ठोक्यावर उडणं मेंदूच्या रोजच्या कामासारखं नाही. डीएमडीने (सूक्ष्म आरशांच्या चिपने) निळ्या प्रकाशाचे आकार पाडता येतात. डिशमधल्या पेशींना ते उत्तम, जिवंत मेंदूत मात्र प्रकाश विखुरतो.

होलोग्राफीत टू-फोटॉन इन्फ्रारेड लेझर (यात दोन फोटॉन एकदम शोषले जावे लागतात, म्हणून परिणाम फोकसपाशीच होतो) स्पेशियल लाइट मॉड्युलेटरवर पडतो. लिक्विड क्रिस्टलचा हा पडदा प्रकाशाची फेज जागोजागी बदलतो आणि ऑब्जेक्टिव्हखाली हवे तिथे, वेगवेगळ्या खोलीवरही, ठिपके उमटतात. 2019 मध्ये दोन गटांनी याच मार्गाने उंदराच्या दृष्टी-कॉर्टेक्समधल्या मोजक्या पेशी चेतवून त्याचं वागणं बदलून दाखवलं. मला आजही ते विलक्षण वाटतं.

खरी निवड यापुढे आहे. ठिपका लहान ठेवून गॅल्व्हो (वेगाने वळणाऱ्या) आरशांनी पेशीवर सर्पिल फिरवायचा, की पेशीएवढी चकतीच पाडायची? सर्पिलाला पेशीमागे कमी पॉवर लागते, पण पेशीचा पडदा तुकड्यातुकड्याने उजळतो आणि स्पाइकची वेळ मागेपुढे होते. चकतीत सगळे चॅनेल एकाच वेळी उघडतात. वेगवान ऑप्सिन असेल तर वेळेतला फरक मिलिसेकंदाच्या आत राहतो. मात्र चकती रुंद केली की ती खोलीतही लांबते आणि वरच्या-खालच्या पेशी पकडते. म्हणून ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी रेघांची पट्टी) लावून टेम्पोरल फोकसिंग (लेझरचा स्पंद फक्त फोकसच्या पातळीवर आखूड ठेवणं) करावं लागतं, म्हणजे जुळणीचं काम वाढलंच. वेळेचा क्रम हाच तुमचा प्रश्न असेल तर मी चकती घेईन. नसेल तर सर्पिल.

कॅलिब्रेशनला वेळ राखून ठेवा. क्षेत्राच्या कडेला डिफ्रॅक्शनची कार्यक्षमता घसरते, म्हणजे मॉड्युलेटर तिकडे कमी प्रकाश वळवतो. तिथल्या पेशींना प्रकाशाचा जास्त वाटा दिला नाही तर त्या गप्प राहतात आणि दोष ऑप्सिनवर जातो. मधला झिरो-ऑर्डर ठिपका (मॉड्युलेटरने न वळवलेला प्रकाश) अडवावा लागतो. इमेजिंगचा (पेशींची सक्रियता पाहण्याचा) 920 नॅनोमीटरचा लेझरही ऑप्सिनला थोडा चेतवतो, त्याची पॉवर कमी ठेवा. ऑप्सिन पेशीकायेपुरतं (पेशीच्या मुख्य गोळ्यापुरतं) बांधलेलं घ्या, नाहीतर शेजारणीच्या डेंड्राइटमधून (फांदीतून) भलतीच पेशी उडेल.

पहिल्या दिवशी एकच पेशी निवडा. चकती 10-10 मायक्रॉन बाजूला, मग वर-खाली सरकवत जा आणि पेशी कुठे उडायची थांबते ते नोंदवा. मग ऑप्सिन नसलेल्या प्राण्यावर तेवढीच पॉवर सोडून पाहा. तिथेही प्रतिसाद आला तर तुमच्या निकालात उष्णता किंवा नुसत्या प्रकाशाचा परिणाम मिसळला आहे.