झूम एच१एन: भजन, घुमट, बँड आणि सेमिस्टर एकाच वेळी सांभाळणाऱ्यांसाठी

आधी एक घोळ मिटवू. हे झूम ऑनलाइन मीटिंगवालं नव्हे. ही जपानी कंपनी गिटारचे इफेक्ट आणि हातात मावणारे रेकॉर्डर बनवते, आणि एच१एन हा तिचा २०१८ मधला छोटा स्टिरिओ रेकॉर्डर. आता त्याची पुढची आवृत्ती आली आहे, तिच्याबद्दल शेवटी. पण जुना एच१एन अजून दुकानांत आणि त्याहून जास्त सेकंड हँड मिळतो, आणि गोव्यातल्या हौशी वादकाला तोच परवडतो.

हौशी म्हणजे नेमका कोण, ते सांगतो. शनिवारी गावच्या भजनी मंडळात पेटीवर बसणारा, चवथीला आरती मंडळात घुमट (मडक्याच्या तोंडावर कातडं ताणलेलं गोव्याचं तालवाद्य) वाजवणारा, रविवारी मित्रांच्या बँडमध्ये कीबोर्ड किंवा गिटार धरणारा, वर गांधर्वची मध्यमा नाहीतर ट्रिनिटीची (पाश्चात्य संगीताच्या परीक्षेची) ग्रेड मागे लागलेला, आणि सोमवारी सकाळी कॉलेजात हजर. अशाकडे वाद्यं भरपूर असतात, तालमीला वेळ नसतो. मंडळाची तालीम आठवड्यातून एकदा होते. त्यात बसवलेली चाल पुढच्या शनिवारपर्यंत निम्मी विसरलेली असते. हा रेकॉर्डर घ्यायचा तो यासाठी. त्यावर अल्बम करायचा विचार असेल तर पैसे साठवा आणि वेगळं काहीतरी घ्या.

फोन असताना हे कशाला, हा प्रश्न रास्त आहे. फोनचं साधं रेकॉर्डिंग ॲप आवाजाची पातळी स्वतःच वरखाली करतं. घुमटाची थाप पडली की ते सगळा आवाज दाबतं, थाप विरली की पुन्हा उचलतं. मग कांसाळी, म्हणजे काशाच्या मोठ्या झांजा, फुगतात, गाणारा मागे जातो आणि ताल हलल्यासारखा वाटतो. सुवारीचं, म्हणजे घुमटांच्या सामूहिक वादनाचं, फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकून कोणी नवा ठेका शिकला असेल तर तो फार हुशार. एच१एनवर पातळीचं गोल बटण आहे, ० ते १० आकड्यांचं. ते एकदा लावलं की तिथेच राहतं. या एका बटणासाठी मी हा रेकॉर्डर सुचवतो. बाकीच्या सोयी वरकड आहेत.

पातळी लावायची पद्धत अशी. ऑटो लेव्हल बंद करा. मंडळाला सर्वांत जोराचा भाग, म्हणजे आरतीचा शेवट किंवा सुवारीची चढती लय, अर्धा मिनिट वाजवायला सांगा. पडद्यावरच्या पातळीच्या मीटरची उडी उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल इतपत बटण ठेवा. तालमीत रंग चढला की सगळेच आणखी जोरात वाजवतात, त्यासाठी ही मोकळी जागा. त्यावर लिमिटर (अचानक वर गेलेला आवाज दाबणारी सोय) चालू ठेवावा, पण त्याच्या भरवशावर राहू नये. या माइकची सहनशक्ती १२० डेसिबल. घुमटाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवला तर माइकच फाटका आवाज देतो आणि पुढे कुठलंही बटण तो सांधू शकत नाही. अंतर अडीच ते तीन मीटर ठेवलं तर बटण ३-४ वर पुरतं. पेटी आणि एक गाणारा असेल तर एक मीटरवर ५-६, आणि वर्गात तिसऱ्या बाकावरून ७-८. हे आकडे सुरुवातीपुरते. खोली बदलली की तेही बदलतात.

दोन माइक एकमेकांशी ९० अंशांत, तोंडं एकाच ठिकाणी जवळ आणलेली अशी रचना आहे. फायदा असा की दोन्ही बाजूंचा आवाज जवळजवळ एकाच क्षणी पोचतो, त्यामुळे फोनच्या एका स्पीकरवर ऐकलं तरी काही गायब होत नाही. मंडळाच्या ग्रुपवर सगळे तसंच ऐकणार, म्हणून हे महत्त्वाचं. तोटा असा की मागचं मंद येतं. भजनी समोरासमोर दोन ओळींत बसतात तेव्हा रेकॉर्डर मधोमध ठेवायचा मोह होतो. तसं करू नका. ओळींच्या टोकाला, पेटी आणि मुख्य गायक समोर येतील असा ठेवा. झांजा आणि कांसाळी माइकच्या सरळ रेषेत नकोत, थोड्या बाजूला असूद्या, नाहीतर त्यांची किणकिण पखवाजावर पसरते. देवळाच्या सभामंडपात घुमारा फार. तिथे जवळ जाणं हाच उपाय, कारण घुमारा नंतर कापता येत नाही.

लो-कट म्हणजे खालचे सूर गाळणारी सोय. ८०, १२० आणि १६० हर्ट्झ असे तीन टप्पे. पंख्याची घरघर आणि वाऱ्याची धडधड त्याने कमी होते, म्हणून लोक ती कायम १६० वर ठेवतात. घुमटासाठी हे वाईट. मडक्याच्या पोटातला खर्ज तिथेच असतो. तो गेला की घुमट पत्र्याच्या डब्यासारखं वाजतं. घुमट, पखवाज आणि बास गिटार असेल तर लो-कट बंद, फार तर ८०. लेक्चरला खुशाल १६०. २०१९ मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला, तेव्हा त्याचा खर्ज तरी नीट नोंदवायला हवा. आणखी एक. घोरपडीचं कातडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झालं, आता घुमटाला बकऱ्याचं लावतात. पावसाळी हवेत ते सैल पडतं आणि नाद बसतो. रेकॉर्डिंग बद्द आलं तर आधी कातडं तापवून पाहा, मग यंत्राला दोष द्या.

बँडच्या खोलीत गणित वेगळं. गाण्याचा आवाज स्पीकरमधून येतो, ड्रम थेट, गिटार ॲम्पमधून. रेकॉर्डर ॲम्पवर ठेवू नका, थरथर थेट आत जाते. कोपऱ्यातही नको, तिथे बास साचतो. ड्रमपासून तीन-चार मीटर, डोक्याच्या उंचीवर, तोंड गाण्याच्या स्पीकरकडे. मागे ट्रायपॉडसाठी नेहमीच्या मापाचा आटा आहे. अंग प्लास्टिकचं असल्याने हातात धरलं तर बोटांची खरखर स्पष्ट ऐकू येते. ट्रायपॉड नसेल तर घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा.

गिटारची पिन यात थेट जात नाही, तिथे लहान ३.५ मिलिमीटरचं छिद्र आहे. कन्व्हर्टर लावून साधी इलेक्ट्रिक गिटार जोडली तर आवाज मेलेला येतो, कारण पिकअपला (गिटारच्या तारांचा आवाज पकडणाऱ्या भागाला) हवा तसा इनपुट हा नाही. मध्ये प्रीॲम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारं यंत्र, किंवा इफेक्टचा पेडल हवा. मिक्सरमधून घ्यायचं असेल तर रेकॉर्ड-आऊटमधून स्टिरिओ वायर, मिक्सरकडची पातळी खाली, आणि सुरुवात बटण १-२ वरून. मोनो पिन लावली तर फक्त डाव्या कानात ऐकू येईल. यंत्र बिघडलेलं नसतं, पिन चुकलेली असते.

एकट्याने सराव करणाऱ्यांना ओव्हरडबची, म्हणजे आधीच्या रेकॉर्डिंगवर नवा थर चढवायची, सोय आवडेल. आधी ठेका, त्यावर पेटी, त्यावर गाणं. अट अशी की फॉरमॅट वेव्ह (आवाज न दाबता साठवणारी मोठी फाइल) हवा आणि कानाला हेडफोन हवा, नाहीतर जुना थर पुन्हा माइकमध्ये शिरतो. प्रत्येक थराबरोबर बारीक सूंसूं वाढते, तीन-चारच्या पुढे जाऊ नका. थर एकदा मिसळले की वेगळे काढता येत नाहीत, तेव्हा ठेक्यातली चूक शेवटपर्यंत सोबत राहते. मुळात हे माइक फार शांत नाहीत. तानपुरा किंवा नायलॉन तारांची गिटार घ्यायची असेल तर हातभर अंतरावर या.

अभ्यासाच्या बाजूने पाहिलं तर एमपी३ १२८ केबीपीएसवर तासाला साधारण ५८ मेगाबाइट लागतात, वेव्ह ४४.१ किलोहर्ट्झ १६ बिटवर तासाला ६३५. संगीताला वेव्ह, लेक्चरला एमपी३ एवढं लक्षात ठेवलं की पुरे. २४ बिट ९६ किलोहर्ट्झवर तासाला दोन जीबी जातात आणि मंडळातल्या कोणालाही त्यातला फरक ऐकू येणार नाही. फाइल दोन जीबीला आपोआप तुटून नवी सुरू होते. ४४.१ वर हा टप्पा सव्वातीन तासांनंतर येतो, ९६ वर तासाभरातच. वास्कोच्या दामोदर सप्ताहासारखं रात्रभर चालणारं भजन घेताना हे माहीत असू द्या. कार्ड मायक्रो एसडी, ३२ जीबीपर्यंतच, आणि ते रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करायचं.

ऐकताना वेग ५० ते १५० टक्के करता येतो. दीडपट वेगाने तासाचं लेक्चर ४० मिनिटांत संपतं, फोंड्याहून पणजीच्या बसमध्ये ते बसतं. अर्ध्या वेगाने अवघड तान किंवा गिटारची ओळ उलगडते, आणि ए-बी रिपीटने तेवढाच तुकडा फिरत राहतो. मात्र शिक्षकांची परवानगी घेऊनच रेकॉर्ड करा. आणि अकाउंट्स किंवा गणिताच्या तासाला याचा उपयोग नाही. फळ्यावरचं काही ऐकू येत नाही.

फाइलींचा ढीग झाला की हा सगळा खटाटोप फुकट जातो. रेकॉर्ड सुरू करताच तोंडाने सांगा: तारीख, मंडळ, सूर, ताल. "काळी एक, भजनी ठेका" एवढं बोललं तरी महिन्यानंतर शोधता येतं. घरी गेल्यावर संगणकावर ऑडॅसिटीत (ते फुकट आहे) गप्पा कापा, चालीचा तुकडा ठेवा, १९२ केबीपीएस एमपी३ करा. पाच मिनिटांचा तुकडा सात मेगाबाइटचा होतो. व्हॉट्सॲपवर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी पोचते. मंडळ काळी एकमध्ये गातं आणि बँडला तीच चाल पांढरी दोनमध्ये हवी असेल तर ऑडॅसिटीच्या चेंज पिचमध्ये एक अर्धस्वर वर. लय तशीच राहते. उलट सूर राखून लय कमी करायची तर चेंज टेम्पो.

आता बॅटरी. दोन ट्रिपल-ए लागतात, अल्कलाइनवर कंपनी दहा तास सांगते. रिचार्जेबल निकेलचे सेल वापरणार असाल तर मेन्यूत सेलचा प्रकार बदला, नाहीतर बॅटरीचं चिन्ह चुकीचं दाखवतं आणि ऐन तालमीत यंत्र बंद पडतं. मायक्रो-यूएसबीतून पॉवर बँकवरही चालतो, पण काही पॉवर बँक इतका थोडा करंट ओढला जातोय म्हटल्यावर आपणहून बंद होतात. आधी घरी अर्धा तास चालवून खात्री करा. वापर नसेल तेव्हा सेल बाहेर. गोव्याच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत गळलेला सेल आणि हिरवी पडलेली स्प्रिंग ही या यंत्राची नेहमीची मरणाची रीत. सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कला अकादमीसारख्या एसी सभागृहातून बाहेर दमटात आलात तर लगेच चालू करू नका. जाळीवर दव धरतं. बॅगेतच पंधरा-वीस मिनिटं राहू द्या. स्पंजची टोपी वेगळी घ्यावी लागते, आणि ती घ्याच. पंख्याखाली टोपीशिवाय काही खरं नाही.

खटकणाऱ्या गोष्टी: आतला स्पीकर इतका बारीक की फक्त रेकॉर्ड झालं का एवढंच कळतं. जोडणी जुन्या मायक्रो-यूएसबीची. आणि पातळीचं बटण बॅगेत फिरतं, त्यावर चिकटपट्टी लावलेली बरी.

२०२४ मध्ये आलेला एच१ इसेन्शियल ३२ बिट फ्लोटमध्ये नोंदवतो, म्हणजे पातळी लावायची भानगडच नाही. घुमटवाल्यांसाठी हे वरदान, जवळ पैसे असतील तर तोच घ्या. पण त्याच्या फाइली जड, ४८ किलोहर्ट्झवर तासाला १.४ जीबीच्या आसपास, आणि त्या हलक्या केल्याशिवाय कोणाला पाठवता येत नाहीत. लॅपटॉप धड नसलेल्या विद्यार्थ्याला जुना एच१एन सोपा पडतो.

सेकंड हँड घेताना चार गोष्टी तपासा. सेलच्या खणात हिरवा किंवा पांढरा थर आहे का. रेकॉर्ड करताना बटण फिरवल्यावर हेडफोनमध्ये कचकच येते का. यूएसबीची वायर हलवल्यावर जोडणी तुटते का. आणि डाव्या-उजव्या माइकपुढे वेगवेगळी टाळी वाजवून दोन्ही मीटर सारखे उडतात का. एक कमी उडत असेल तर घेऊ नका.