जुन्या स्कोपमध्ये एलईडी बॅकलाइट किट: उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतर

जुन्या ६० मेगाहर्ट्झच्या डिजिटल स्कोपचा (ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा) पडदा काळा पडला की सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं: अख्खं डिस्प्ले मॉड्यूल बदलावं लागेल, आणि ते आता येत नाही. आतली बोटभर लांबीची सीसीएफएल ट्यूब (पडद्यामागून उजेड देणारी बारीक फ्लुरोसंट नळी) संपली म्हणून बाकी ठणठणीत असलेला स्कोप भंगारात द्यायचा, हे मनाला पटत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मॉनिटरसाठी एलईडी किट मिळतं. त्यात ५४० मिलिमीटरच्या दोन पट्ट्या आणि त्यांना वीज पुरवणारा एक ड्रायव्हर बोर्ड असतो, खर्च काहीशे रुपये. तेच स्कोपमध्ये बसवून महिनोन्‌महिने वापरलं. उजेडाबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते ड्रायव्हरबद्दल, आणि मोजमापाच्या यंत्रात ते फार महत्त्वाचं आहे.

आधी दोष ओळखा. स्कोप चालू करून पडद्यावर तिरका टॉर्च मारा. ट्रेस, म्हणजे सिग्नलची रेषा, पुसट का होईना दिसली तर एलसीडी शाबूत आहे, फक्त बॅकलाइट गेला आहे. उजेड गुलाबी-लालसर येत असेल किंवा गार असताना ट्यूब फडफडून मग पेटत असेल, तर ट्यूबच झिजली. पडद्याजवळ व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर एलसीडीवरची पोलरायझरची फिल्म कुजायला लागली आहे. मुंबईच्या दमट हवेत हे लवकर होतं, आणि त्यावर किटचा उपाय नाही. जुना माल घ्यायला जाताना टॉर्च खिशात ठेवा, आणि यंत्र वीसेक मिनिटं चालू ठेवून मगच भाव बोला.

हे किट प्रत्येक पडद्याला चालत नाही. एचपी ३४४०१ए मल्टिमीटरमध्ये व्हीएफडी, म्हणजे स्वतःच उजळणारा पडदा आहे, त्याला बॅकलाइटच नसतो. फ्लूक ७७सारख्या मीटरमध्ये आकड्यांचे तुकडे गायब होतात ते बहुतेक वेळा झेब्रा रबर (पडदा बोर्डाला जोडणारी पट्टेदार रबरी पट्टी) मळल्यामुळे. रबर आणि बोर्डावरचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले की काम होतं.

बसवणी. प्लग काढल्यावरही सप्लायच्या मोठ्या कॅपॅसिटरवर सुमारे ३२० व्होल्ट डीसी राहू शकतात. मीटरने मोजून खात्री करा. फ्लॅट केबलच्या कनेक्टरची खिटी उचलल्याशिवाय केबल ओढू नका. पोलरायझरला ॲसिटोन लावू नका, फिल्म तिथेच पांढरी पडते. ट्यूब दोन-तीन मिलिमीटर जाडीची असते, तिच्या टोकांच्या रबरी टोप्या हळू सोडवा. तिच्यात थोडा पारा असतो, म्हणून ती घरच्या कचऱ्यात नाही, ई-कचऱ्यात द्यायची. ट्यूबला जास्त व्होल्ट देणारा जुना इन्व्हर्टर ट्यूबशिवाय चालू ठेवू नका, त्याचा सप्लाय तोडून टाका. पट्टी दर तीन एलईडींनंतर दिलेल्या खुणेवरच कापायची. लहान पडद्याला असे सात-आठ गट पुरतात. पट्टी रिफ्लेक्टरच्या खाचेत सरळ बसायला हवी. अर्धा मिलिमीटर वाकली तरी कडेला उजेडाचे ठिपके दिसतात.

पहिले काही आठवडे या किटला पाचपैकी साडेचार गुण दिले असते. मग २ मिलिव्होल्ट प्रति डिव्हिजनवर एका सप्लायचा रिपल (डीसीवर उरलेली बारीक लहर) पाहताना ट्रेसवर असे काटे, म्हणजे टोकदार उसळ्या, दिसले, जे त्या सप्लायचे नव्हते. सिग्नल काढून चॅनेलला नुसता ५० ओमचा टर्मिनेटर लावला, तरी काटे तिथेच. ड्रायव्हरची एनेबल (चालू-बंद) पिन ग्राउंडला टेकवून उजेड बंद केला आणि टॉर्चने पडदा पाहिला: ट्रेस स्वच्छ. ड्रायव्हरच दोषी. ही तपासणी करताना स्कोपचं ॲव्हरेजिंग (अनेक ट्रेसची सरासरी) बंद ठेवा. हे काटे ट्रिगरशी, म्हणजे ट्रेस जिथून सुरू होतो त्या क्षणाशी, जुळलेले नसतात, म्हणून ॲव्हरेजमध्ये विरून जातात आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. डिम पिनने उजेड कमी केला की त्रास आणखी वाढतो, कारण एलईडी भराभर चालू-बंद होतात आणि काट्यांचे झुबके येतात.

मॉनिटरमध्ये हे कुणाला कळणारही नाही. स्कोपमध्ये मात्र बोर्ड इनपुट ॲम्प्लिफायरपासून काही इंचांवर येतो. ड्रायव्हरच्या इनपुटला १० मायक्रोहेन्रीचा चोक, १०० मायक्रोफॅरडचा आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावले, एलईडीच्या वायरी पिळून घेतल्या, बोर्डाला ग्राउंड केलेली तांब्याची टेप गुंडाळली. काटे लहान झाले, गेले नाहीत.

खरा उपाय म्हणजे ड्रायव्हर काढून फेकणे. जुन्या इन्व्हर्टरला येणारा सप्लाय मोजा. १२ व्होल्ट असतील तर साध्या रेझिस्टरवर भागतं. तीन पांढऱ्या एलईडींच्या गटावर साधारण ९ व्होल्ट पडतात, उरतात ३. आठ गटांना मिळून ८० मिलिअँपिअर धरले तर ३७.५ ओम येतात. बाजारात ३९ मिळतो. त्यात पाव वॅट उष्णता होते, म्हणून १ वॅटचा घ्या. पट्टीवर गटागटाला आधीच रेझिस्टर असेल तर बाहेरचा कमी ओमचा लागेल. एकूण वापर सुमारे १ वॅट. सप्लाय ५ व्होल्टच असेल तर ही युक्ती चालत नाही. तेव्हा यंत्रातली दुसरी १२ व्होल्टची लाइन शोधा, पण ॲनालॉग भागाच्या रेग्युलेटरला हात लावू नका. उजेड कमी-जास्त करता येत नाही, त्याचं दुःख नाही. कॉन्ट्रास्ट एलसीडीच्या बायसवर चालतो, तो पूर्वीसारखाच राहतो.

पावसाळ्यात दुसरी गोष्ट उघड झाली: पट्टीमागचा चिकट थर सुटला आणि डाव्या कोपऱ्यात काळोखी पट्टा आला. पट्टी न्यूट्रल क्युअर सिलिकॉनच्या दोन-तीन थेंबांनी चिकटवली, तेव्हापासून हललेली नाही. आंबट वासाचं साधं सिलिकॉन नको, त्यातलं ॲसिड तांबं खातं.

तर गुण बदलले: पट्टीला साडेचार, ड्रायव्हरला एक. टीव्ही दुरुस्तीचं सामान विकणाऱ्याकडे नुसती पट्टी मिळाली तर तीच घ्या. झाकण लावण्याआधी रेझिस्टरवरचे व्होल्ट मोजा. ३९ ओमवर ३ व्होल्ट म्हणजे ७७ मिलिअँपिअर. ४ व्होल्टच्या वर दिसले तर पट्टीत शॉर्ट आहे किंवा सप्लाय १२च्या वर चढतोय.